अणू प्रकाश केव्हा देतो : प्रस्तावना

मंडईतून आणलेलं खडेमीठ कुटून त्याची चिमूट गॅसच्या निळ्या ज्योतीवर टाका. ज्योत पिवळीधमक होते. कढी उतू गेली की हाच रंग शेगडीवर दिसतो, पण तेव्हा आपलं लक्ष फडकं शोधण्याकडे असतं. वर्णपटशास्त्रात पाऊल ठेवायला एवढी प्रयोगशाळा पुरे. ज्योतीतल्या धडकांनी सोडियमच्या अणूतला सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो. तो खाली येताना दोन पातळ्यांमधल्या फरकाएवढी ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. फरक ठरलेला, म्हणून रंगही ठरलेला : सुमारे ५८९ नॅनोमीटर.

इथवरचं बारावीच्या मुलालाही पाठ असतं. तो इलेक्ट्रॉन खाली येतो केव्हा, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. हे पुस्तक त्याच प्रश्नासाठी आहे.

उत्तेजित सोडियम अणू सरासरी १६ अब्जांश सेकंद थांबतो. ही फक्त सरासरी. एकट्या अणूला ती बांधून ठेवत नाही. शंभर अब्जांश सेकंद रेंगाळलेला अणू म्हातारा होत नाही. पुढच्या क्षणी प्रकाश देण्याची त्याची शक्यता नुकत्याच उत्तेजित झालेल्या अणूइतकीच असते. आइनस्टाइन यांनी १९१६ मध्ये या शक्यतेसाठी गुणांक मांडला. त्याच मांडणीतून पुढे लेसरची वाट निघाली. पण उत्सर्जनाचा क्षण आणि दिशा योगायोगावर सोडावी लागते, हे त्यांना खटकत होतं. १९२७ मध्ये डिरॅक यांनी तोच गुणांक पुंजसिद्धांतातून काढून दाखवला, तरी योगायोग काही हटला नाही. माझ्या मते या विषयाची खरी गोडी इथेच आहे.

थांबण्याची दुसरी टोकाची तऱ्हा पुणे जिल्ह्यातच अभ्यासली जाते. टोमॅटोच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या नारायणगावाजवळ, खोडद परिसरात, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. हायड्रोजनमध्ये इलेक्ट्रॉनची फिरकी उलटली की २१ सेंटीमीटरची रेडिओलहर निघते. त्यासाठी एकटा सोडलेला अणू सरासरी सुमारे १ कोटी १० लाख वर्षं घेतो! आपल्या भोवतालच्या दाट वायूत तोवर असंख्य धडका बसून ती ऊर्जा केव्हाच भलतीकडे जाते. दीर्घिकांमधला वायू कमालीचा विरळ, पण त्यातल्या अणूंची संख्या अफाट. म्हणून एकेकाचा आळस चालून जातो. २०२० मध्ये पुण्याच्या एनसीआरए आणि बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जीएमआरटी वापरून सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन मोजला, तो याच लहरींच्या आधारे.

पहिली दोन प्रकरणं गणिताशिवाय वाचता येतील. तिसऱ्यापासून संभाव्यता आणि थोडं कलन लागेल. ज्यांचं ते विसरलं असेल त्यांनी आधी परिशिष्ट उघडावं, त्यात कमीपणा नाही.