घरच्या ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर आणि कारखान्यांचा पट्टा

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावे १९७० साली एका नगरपालिकेत आली आणि १९८२ साली तिची महानगरपालिका झाली; तोवर या परिसराचा कायापालट होऊन गेला होता. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९६२ नंतर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती, १९६६ पासून टेल्को असे कारखाने उभे राहत गेले आणि त्यांच्या आधाराने लहान शेड वाढल्या. मोठ्या कारखान्यांच्या इतिहासात ज्याला क्वचितच जागा मिळते, असा वाइंडिंगचा धंदा त्यांपैकीच एक. कारखान्याला येणारी थ्री-फेज वीज ४१५ व्होल्टची, तर यंत्राच्या पॅनेलमधील कॉन्टॅक्टरची कॉइल बहुधा ११० व्होल्टची. ही तफावत मिटवणारा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर ज्या बॉबिनवर, ज्या एनॅमल तारेने आणि ज्या ‘स्टॅम्पिंग’वर, म्हणजे ई आणि आय या अक्षरांच्या आकारात कापलेल्या सिलिकॉन-पोलादी पत्र्यांवर बांधला जाई, त्याच सामग्रीतून हौशी माणसाच्या ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मरही तयार होऊ शके.

व्हॉल्व्हच्या काळात ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरची मागणी वेगळी होती. मुलार्ड या व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘फाइव्ह-टेन’सारख्या १० वॉटच्या मंडलाला सुमारे तीनशे व्होल्टचे उच्चदाब वाइंडिंग आणि फिलामेंटसाठी ६.३ व्होल्टचे वेगळे वाइंडिंग लागे. केसासारखी बारीक तार, पुष्कळ वेढे आणि इन्सुलेशनची चिंता असे ते काम होते. १९६०च्या दशकात आरसीए कंपनीचा २एन३०५५ हा पॉवर ट्रान्झिस्टर आला आणि गणित उलटले: व्होल्टेज उतरले, करंट वाढला, तार जाड झाली. पुण्याच्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत, ‘बारा-झिरो-बारा’ ही भाषा मग रूढ झाली; मधल्या टॅपच्या दोन्ही बाजूंना १२ व्होल्ट देणारे वाइंडिंग, असा तिचा अर्थ.

मात्र निवड व्होल्टेजच्या आकड्यावर संपत नाही. ८ ओहमच्या स्पीकरला २५ वॉट द्यायचे तर शिखरावर २० व्होल्ट लागतात. ट्रान्झिस्टरमधील घट आणि कपॅसिटरवरील चढउतार धरून दोन्ही बाजूंना २५ व्होल्टच्या आसपासची डीसी हवी, आणि एसीचा आकडा रेक्टिफायरनंतर १.४१ पट होत असल्याने १८-०-१८ चे वाइंडिंग कसेबसे पुरते, २०-०-२० चे निवांत पुरते. दोन चॅनेलसाठी १०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमता धरावी, असा साधारण हिशेब निघतो. गाभ्याचे क्षेत्रफळ चौरस इंचांत काढण्यासाठी व्हीएचे वर्गमूळ ५.५८ ने भागायचे आणि ७ ला त्या क्षेत्रफळाने भागून दर व्होल्टला किती वेढे ते ठरवायचे, हा वाइंडिंगवाल्यांचा नियम ५० हर्ट्झ आणि सुमारे १ टेस्ला चुंबकीय घनता गृहीत धरणाऱ्या सूत्राचेच सोपे रूप आहे. सव्वा इंच जिभेचे स्टॅम्पिंग दीड इंच रचले, तर क्षेत्रफळ १.८७ चौरस इंच भरते, दर व्होल्टला ३.७ वेढे येतात आणि २३० व्होल्टच्या प्रायमरीला साधारण ८६० वेढे पडतात.

कागदावरचे २३० व्होल्ट भिंतीतल्या प्लगमध्ये मिळतीलच असे नव्हते. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी कमी दाबाच्या पुरवठ्यात ६ टक्क्यांचा फरक मान्य केला होता; प्रत्यक्षात तो त्याहून मोठा असे, आणि आसपासच्या यंत्रांचा भार उतरला की व्होल्टेज चढे. २५० व्होल्टचा पुरवठा आणि भार नसताना वाढणारे सेकंडरीचे व्होल्टेज एकत्र धरले, तर २०-०-२० मधून ३३-३४ व्होल्ट डीसी निघते. अशा जागी ३५ व्होल्टचा कपॅसिटर लावणे म्हणजे आगीशी खेळ, तिथे ५० व्होल्टचाच हवा. याशिवाय वेल्डिंग आणि मोटारींमुळे लाइनवर येणारा गोंगाट अडवण्यासाठी प्रायमरी व सेकंडरी यांच्यामध्ये तांब्याच्या पत्र्याची, टोके एकमेकांना न टेकणारी, अर्थ केलेली पट्टी घालणे उपयोगी पडे. तिची टोके चुकून जुळली, तर एका वेढ्याचे शॉर्ट सर्किट होऊन ट्रान्सफॉर्मर भाजून निघतो, हे तिथल्या कारागिराला पुस्तकाविना ठाऊक असे.

पुढे नव्या पॅनेलमध्ये बहुतांशी २४ व्होल्ट डीसी देणारे एसएमपीएस (स्विच्ड-मोड पॉवर सप्लाय) आले. चाकणच्या वाहन कारखान्यांच्या पिढीची यंत्रे याच काळातली, त्यामुळे कंट्रोल ट्रान्सफॉर्मरची मागणी आक्रसली. हौशी ॲम्प्लिफायरवालेही तयार क्लास-डी बोर्डांकडे वळले. तरीही पारंपरिक ट्रान्सफॉर्मर हवाच असेल, तर लेबलवरच्या ‘५ अँपिअर’वर विसंबण्यापेक्षा तराजू बरा: ई-आय गाभ्याच्या, तांब्याच्या तारेच्या १०० व्हीए ट्रान्सफॉर्मरचे वजन सुमारे दोन किलो भरते, आणि किलोभरात मिळणारा तसला ट्रान्सफॉर्मर १०० व्हीएचा नसतो.