बिनपगारी स्टेशनमास्तर

पुण्याच्या वाहतुकीच्या इतिहासात ६ मार्च २०२२ ही तारीख आता कायमची नोंदली गेली आहे. त्या दिवशी वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी असे मेट्रोचे दोन तुकडे सुरू झाले. दोन्ही मिळून साधारण १२ किलोमीटर. भूमिपूजन डिसेंबर २०१६ चं, खर्चाचे आकडे हजारो कोटींचे, आणि मधल्या काळात कर्वे रोडवर आपण काय भोगलं ते तुम्हाला माहीतच आहे.

याच्या बरोबर अठरा वर्षं आधी, ६ मार्च २००४ ला, स्वीडनमधल्या लुडविग स्ट्रिगियस नावाच्या प्रोग्रॅमरने एका खेळाची पहिली आवृत्ती जगापुढे ठेवली. खेळाचं नाव ओपनटीटीडी. खर्च शून्य, टेंडर नाही, भूमिपूजन नाही. तारखांचा हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काहीही सिद्ध होत नाही. पण आजच्या लेखाला एवढं निमित्त पुरे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. समोर एक नकाशा असतो. त्यावर गावं, खाणी, कारखाने, जंगलं. तुम्ही एका वाहतूक कंपनीचे मालक. कर्ज काढायचं, रूळ टाकायचे, बसथांबे बांधायचे, बंदरं आणि विमानतळ उभारायचे, कोळसा वीजकेंद्राला आणि माणसं एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचवायची. पैसे मिळतात ते किती लांब नेलं आणि किती लवकर नेलं यावर. गावं वाढतात, गाड्या म्हाताऱ्या होतात, नवी इंजिनं येतात. एवढंच. शनिवारी रात्री 'अर्धा तास बघू' म्हणून बसावं आणि खिडकीबाहेर दूधवाल्याचा आवाज यावा, असा हा प्रकार आहे.

आता मूळ कथा. ख्रिस सॉयर या स्कॉटिश प्रोग्रॅमरने 'ट्रान्सपोर्ट टायकून' लिहिला आणि १९९४ साली मायक्रोप्रोज कंपनीने तो बाजारात आणला. पुढच्याच वर्षी 'ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स' आला. टीटीडी ही अक्षरं तिथली. सॉयरसाहेबांनी हे सगळं जवळपास पूर्णपणे असेंब्ली भाषेत लिहिलं होतं. आपल्यापैकी ज्यांनी कॉलेजात मायक्रोप्रोसेसरच्या प्रॅक्टिकलला दोन आकड्यांची बेरीज असेंब्लीत करताना घाम गाळलाय, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. एका माणसाने अख्खं रेल्वेचं जाळं त्या भाषेत चालवलं.

पहिल्या खेळात काळ सुरू होतो १९३० साली, डिलक्समध्ये १९५० साली. पुणेकराला हे दोन आकडे ओळखीचे वाटायला हवेत. दख्खनची राणी धावू लागली १ जून १९३० ला, आणि पीएमटी स्थापन झाली १९५० साली. सॉयरला या दोघींची खबर असण्याचं काही कारण नाही. पण खेळ सुरू करताना कोपऱ्यात १९५० दिसलं की मला तरी पहिली बस स्वारगेटहून सोडावीशी वाटते.

असो. असेंब्लीचा फायदा म्हणजे वेग. तोटा म्हणजे तो प्रोग्रॅम एका जातीच्या यंत्राला जखडला जातो. डॉस गेलं, विंडोज बदलत गेलं, आणि खेळ म्हातारा व्हायला लागला. सॉयरने सोर्स कोड कधीच खुला केला नाही. मग चाहत्यांनी काय केलं? जोसेफ ड्रेक्सलरने सुरू केलेला टीटीडीपॅच हा प्रकल्प मूळ प्रोग्रॅमला मेमरीतच ठिगळं लावायचा. चालू गाडीचं चाक बदलण्यासारखं काम. वर्षानुवर्षं लोकांनी ते केलं आणि त्यातून नवे सिग्नल, लांब गाड्या, नवी इंजिनं अशा कितीतरी गोष्टी आल्या. पण मूळ भिंत दुसऱ्याची होती, आणि ठिगळाला मर्यादा असतेच.

स्ट्रिगियसने वेगळा रस्ता धरला. मूळ खेळाचं यंत्रभाषेतलं बाड घेऊन त्याने ते उलट बाजूने वाचलं आणि सी भाषेत नव्याने लिहून काढलं. हा माणूस त्याआधी स्कमव्हीएम या प्रकल्पाच्या संस्थापकांपैकी एक होता, पुढे २००५ मध्ये त्याने यूटॉरेंट लिहिलं आणि नंतर स्पॉटिफायमध्ये गेला. म्हणजे ओपनटीटीडीवर तो काही फार काळ राहिला नाही. मला या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच वाटतो. मूळ लेखकाने परवानगी दिलेली नाही, नव्या लेखकाने लवकरच गाव सोडलं, पगार कोणालाच नाही, आणि तरी खेळ वीस वर्षांहून जास्त काळ चालू आहे. आपल्या धंद्यात एक सीनियर माणूस नोटीस पिरियडवर गेला तर प्रोजेक्ट गटांगळ्या खातो!

हे कसं जमलं? एक कारण म्हणजे लायसन्स. कोड जीपीएलखाली होता, त्यामुळे एक माणूस गेला तरी काम त्याच्याबरोबर जात नाही. दुसरं कारण जरा अधिक पुणेरी आहे. जुना वाडा दुरुस्त करताना भाडेकरूंना बाहेर न काढता एकेक तुळई बदलतात, तसं या मंडळींनी केलं. सुरुवातीला फक्त प्रोग्रॅम नवा होता, चित्रं आणि आवाज मात्र मूळ सीडीवरूनच घ्यावे लागत. सीडी नसेल तर खेळ नाही. आता २००४ साली आपल्याकडे या खेळाची ओरिजिनल सीडी कोणी पाहिली होती हा प्रश्न विचारू नये हेच बरं. मग स्वयंसेवकांनी ओपनजीएफएक्स नावाचा चित्रसंच काढायला घेतला. प्रत्येक इंजिन प्रत्येक दिशेने, प्रत्येक घर, प्रत्येक झाड, उताराचा प्रत्येक तुकडा, सगळं नव्याने. हजारो बारकी चित्रं. आवाजांसाठी ओपनएसएफएक्स, संगीतासाठी ओपनएमएसएक्स. १ एप्रिल २०१० ला आवृत्ती १.०.० आली आणि मूळ सीडीची गरज संपली. मधल्या काळात कोडही सी वरून सी प्लस प्लसवर आला होता. वाड्याचा आराखडा तोच, पण तुळया आपल्या.

आता जरा इंजिनीअरिंगची गंमत. मूळ खेळातला सिग्नल साधा होता. रुळांचा एक पट्टा, त्यात एका वेळी एकच गाडी. सरळ मार्गावर हे ठीक चालतं. पण जंक्शनवर अख्खं जंक्शन हा एकच पट्टा धरला जातो. समजा अलका टॉकीजच्या चौकात नियम केला की चौकात कोणतंही एक वाहन असेल तर बाकी सगळ्या रस्त्यांनी थांबायचं. लक्ष्मी रोडवरून एक रिक्षा डावीकडे वळतेय म्हणून टिळक रोडवाले उभे, जरी त्या दोघांचा रस्ता एकमेकांना कुठेही कापत नसला तरी. २००९ च्या ०.७.० आवृत्तीत नवे पाथ सिग्नल आले. यात गाडी चौकात शिरण्याआधी आपल्यापुरती वाट राखून ठेवते. दुसऱ्या गाडीची वाट तिला कापत नसेल तर तीही त्याच वेळी जाते. खऱ्या रेल्वे यार्डातल्या इंटरलॉकिंगच्या हे बरंच जवळ जाणारं आहे, आणि ते लिहिणारे लोक रेल्वेत नोकरीला नव्हते.

दुसरी गंमत नेटवर्कवरच्या खेळाची. मूळ खेळ दोघांत खेळता यायचा. ओपनटीटीडीत एका सर्व्हरवर १५ कंपन्या असू शकतात. हजारो गाड्या धावताहेत, त्या सगळ्यांची जागा दर क्षणी प्रत्येकाला पाठवायची तर आपलं २००५ सालचं कनेक्शन कोसळलंच असतं. म्हणून इथे गाड्यांची जागा पाठवतच नाहीत. सुरुवातीला एकदा पूर्ण नकाशा उतरवून घ्यायचा, आणि नंतर फक्त 'अमुक खेळाडूने तमुक ठिकाणी रूळ टाकला' एवढेच हुकूम पाठवायचे. बाकीचं जग प्रत्येक यंत्र स्वतःच चालवतं, आणि सगळ्यांचं उत्तर तंतोतंत एकच यावं लागतं. एका यंत्राचं गणित एका जागी जरी वेगळं आलं तरी तो खेळाडू बाहेर फेकला जातो. वारीत प्रत्येक दिंडी आपापली चालते, पण मुक्काम ठरलेला असतो, तसंच हे. फरक इतकाच की इथे पाऊलही सारखंच पडावं लागतं.

पण या खेळात काय नाही, तेही सांगायला हवं. पुणेकराने नकाशा उघडला की त्याला घाट बांधावासा वाटतोच. खरा बोरघाट कसा झाला? खंडाळा ते पुणे लोहमार्ग जून १८५८ मध्ये सुरू झाला. खाली मुंबईकडून खोपोलीपर्यंत रूळ आलेले होते. मधला घाट तेवढा राहिला, आणि १८६३ पर्यंत प्रवासी तो टप्पा पालखीतून, तट्टावरून किंवा पायी पार करत. सुमारे १५ मैलांत १८०० फुटांहून जास्त चढ, काही ठिकाणी ३७ फुटांना १ फूट. वळणाला जागाच नाही म्हणून रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी तिथे जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट्या दिशेने पुढची चढण. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि काही आठवड्यांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने काम पुरं करवून घेतलं. आणि मजूर? ते हजारोंनी मेले, कॉलऱ्याने आणि अपघातांनी. खेळात बोगदा खणायला एक क्लिक लागतो. खात्यातून पैसे वजा होतात, माणूस वजा होत नाही. वाहतुकीचा कोणताही खेळ हा शेवटी मालकाच्या खुर्चीतून पाहिलेला इतिहास असतो.

प्रवाशांचंही तेच. मूळ खेळात प्रवाशाला कुठे जायचंय हे ठरलेलंच नसतं. तुम्ही नेऊन सोडाल तिथे तो खुशाल उतरतो. स्वारगेटला चढला आणि भोसरीला उतरवला तरी तक्रार नाही. (असा एकही पुणेकर मी पाहिलेला नाही.) २०१४ च्या १.४.० आवृत्तीत यावर उपाय आला. तो पर्याय चालू केला की प्रत्येकाचं उतरायचं ठिकाण ठरतं, गाडी बदलायची असेल तर तो बदलतो, आणि मग एका मोडक्या जोडमार्गापायी अख्खं शहर कसं तुंबतं ते दिसायला लागतं. २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र करून पीएमपीएमएल का केली, हे समजावून सांगायला यापेक्षा सोपा मार्ग मला सापडलेला नाही. दोन कंपन्यांचे थांबे वेगळे ठेवा आणि सीमेवरचा थांबा बघत बसा.

आता आपल्या भाषेचा मुद्दा. ओपनटीटीडीच्या सोर्स कोडमध्ये भाषांच्या फायलींचा एक फोल्डर आहे. त्याच्या आत आणखी एक फोल्डर, नाव 'अनफिनिश्ड', म्हणजे अर्धवट. मराठीची फाइल त्या आतल्या फोल्डरात आहे. शेजारी हिंदी आणि उर्दू. तमिळची फाइल मात्र बाहेर, पंगतीत. चलनांच्या यादीत रुपया येऊन बसलाय, मराठी अजून दारात उभी.

पूर्वी तांत्रिक सबब होती. खेळाच्या स्वतःच्या ठिपक्यांच्या अक्षरांत देवनागरी नाही, आणि ऱ्हस्व वेलांटी टाइप होते अक्षरानंतर पण काढावी लागते आधी, असल्या भानगडी. पण ती सबब कधीच संपली. रेड हॅटने मुक्त लायसन्सखाली दिलेले लोहित फाँट आले, आणि त्या कंपनीच्या आपल्या पुण्यातल्या ऑफिसात भारतीय भाषांवर वर्षानुवर्षं काम झालं. अक्षरं नीट जुळवणाऱ्या लायब्रऱ्या आता सगळीकडे आहेत. उरलंय ते फक्त भाषांतर. काही हजार वाक्यं.

आणि ती वाक्यं वाटतात तितकी कंटाळवाणी नाहीत. डेपोला काय म्हणायचं? एसटीने कधीच उत्तर देऊन ठेवलंय: आगार. स्टेशनला स्थानक म्हणावं का? बसचं स्थानक चालतं, पण 'पुणे स्थानक' रिक्षावाल्याला सांगून बघा. एक वाक्य तर मला फार आवडतं. गाडीला रस्ता सापडत नसला की बातमी येते, अमुक वाहन हरवलं. एकच वाक्य, पण वाहन काहीही असू शकतं. बस हरवली, ट्रक हरवला, विमान हरवलं. इंग्रजीत लिंगाची कटकट नाही, आपल्याकडे तिन्ही लिंगं हजर. यावर तांत्रिक उपाय आहे, भाषेच्या फायलीत लिंगाची खूण करता येते. पण मराठीत त्याहून सोपी युक्ती आहे: 'अमुकची वाट चुकली.' वाट कायम स्त्रीलिंगी, मग बस असो, ट्रक असो की विमान. कोड बदलायची गरजच नाही.

दिवसाला दहा वाक्यं केली तरी वर्षा-दीड वर्षात ढीग उपसला जातो, आणि दहा जण असतील तर दोन महिन्यांत. सॉयरने एकट्याने असेंब्लीत खेळ लिहिला, कोणीतरी प्रत्येक झाड काढलं, कोणीतरी पाथ सिग्नल लिहिला. आपल्या वाट्याला आलंय ते 'आगार' की 'डेपो' हे ठरवणं. या शनिवारी खेळायला बसण्याआधी पाच वाक्यं करून बघा. मी 'वाट चुकली' पासून सुरुवात करतोय, ते तेवढं माझ्यासाठी सोडा.