यवतमाळ जिल्ह्यातील सरकी आणि जीवरचनेचे शास्त्र : एक ऐतिहासिक विवेचन

संश्लेषी जीवशास्त्र हे नाव आज नवे वाटत असले, तरी ते शतकाहून जुने आहे. स्तेफान लद्युक या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली आपल्या ग्रंथास हेच नाव दिले होते. परंतु त्या नावाला आशय प्राप्त झाला तो पुढे साठ वर्षांनी. १९७० साली हरगोविंद खुराना व त्यांचे सहकारी यांनी एक संपूर्ण जनुक रासायनिक पद्धतीने तयार केल्याचे जाहीर केले. १९७३ साली कोहेन व बॉयर यांनी एका जीवाचे जनुक दुसऱ्या जीवात रुजवून दाखविले. आणि २०१० साली क्रेग व्हेंटर यांच्या प्रयोगशाळेत रासायनिक रीतीने जुळविलेल्या जनुकसंचावर चालणारी जिवाणूची पेशी सिद्ध झाली. जीव जसा आढळतो तसा अभ्यासण्याऐवजी हव्या त्या कार्यासाठी त्याची रचना करावयाची, हा या शास्त्राचा गाभा होय.

हे सर्व प्रयोग दूरच्या प्रयोगशाळांत झाले. तथापि अशा रचित जनुकाशी सामान्य माणसाचा सर्वांत निकटचा आणि सर्वांत दीर्घ संबंध कोठे आला, असा प्रश्न केल्यास त्याच्या उत्तरात यवतमाळ जिल्ह्याचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. येथील कोरडवाहू शेतकऱ्याने २००२ नंतरच्या दशकात आपली जवळजवळ सर्व पऱ्हाटी अशा जनुकाच्या स्वाधीन केली. या घटनेचे मूल्यमापन बहुधा दोन टोकांनी झालेले आहे: एका पक्षाच्या मते ते बियाणे वरदान, तर दुसऱ्याच्या मते ते सर्वनाशाचे मूळ. हे दोन्ही पक्ष बियाण्याचा विचार त्याच्या इतिहासापासून तोडून करतात. तो इतिहास जोडून पाहिला असता निराळाच निष्कर्ष हाती येतो.

१

१८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या व्यवस्थेखाली दिला. आजच्या यवतमाळचा बराचसा भाग त्या काळी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ च्या पुनर्रचनेत दारव्हा व पुसद हे तालुके त्यास जोडले जाऊन यवतमाळ जिल्हा अस्तित्वात आला. या मुलखात व शेजारच्या हिंगणघाट परिसरात ‘बनी’ नावाची देशी कपाशी होत असे. देशी कपाशीत तिचा धागा लांब व मऊ गणला जाई. उत्पन्न मात्र बेताचे आणि रुईचा उतारा कमी. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा पुरवठा तुटला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला अकस्मात महत्त्व आले. १८६६ साली या प्रांतांसाठी स्वतंत्र कापूस आयुक्त नेमण्यात आला. हॅरी रिव्हेट-कार्नाक या अधिकाऱ्याने बनीचे शुद्ध बी टिकविण्याची व पसरविण्याची पुष्कळ खटपट केली.

शेतकऱ्याने मात्र हळूहळू बनी सोडली. तिच्या जागी आखूड धाग्याची, परंतु लवकर येणारी व अधिक रुई देणारी जरी कपाशी आली. यात शेतकऱ्याचे अज्ञान होते, असे तत्कालीन अधिकाऱ्यांना वाटे. वस्तुतः तो हिशेब चोख होता. लांब धाग्यासाठी बाजार जी वाढीव किंमत देई, तीतून घटलेल्या उत्पन्नाची भरपाई होत नसे. शिवाय आखूड धाग्याला मुंबईच्या व पुढे जपानच्या गिरण्यांत गिऱ्हाईक होतेच. विसाव्या शतकाच्या प्रारंभी खुद्द कृषिखात्यानेच हा व्यवहार मान्य केला आणि पांढऱ्या फुलाच्या ‘रोझियम’ या अधिक उताऱ्याच्या वाणाचा पुरस्कार केला. १९२१ साली भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाल्यावर धागा सुधारण्याचा प्रयत्न पुन्हा सुरू झाला व ‘व्हेरम’सारखे निवड वाण वऱ्हाडात आले.

या पूर्वपीठिकेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. बियाणे बदलण्याची प्रेरणा बहुतेक वेळा शेताबाहेरून, म्हणजे गिरणीच्या गरजेतून आली, ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट अशी की, बदल स्वीकारावयाचा की नाकारावयाचा हे ठरविण्याचे सामर्थ्य तोवर शेतकऱ्याच्या हाती होते, कारण सरकी त्याच्या घरात होती. जिनातून परत आलेली सरकी बैलाला चारावयाची, विकावयाची की पेरावयाची, हे तोच ठरवीत असे.

२

हे सामर्थ्य संकरित वाणांनी संपविले. १९७० साली सुरत येथे चंद्रकांत पटेल यांनी ‘एच-४’ हा व्यापारी लागवडीचा जगातील पहिला संकरित कापूस प्रसारित केला. ‘वरलक्ष्मी’ व नांदेडचा ‘एनएचएच-४४’ हे वाण त्यापाठोपाठ आले. संकरित झाडाचा जोम पहिल्या पिढीपुरताच टिकतो. त्याची सरकी पुन्हा पेरल्यास पीक एकसारखे येत नाही. त्यामुळे दर हंगामी बी विकत घेणे अपरिहार्य झाले. हे वाण अमेरिकन कुळातील, दीर्घ मुदतीचे, खत-पाण्याला प्रतिसाद देणारे होते. ओलिताच्या प्रदेशाला ते मानवले. यवतमाळात मात्र बहुतांश कपाशी पावसाच्या भरवशावर; ऑक्टोबरनंतर जमिनीतील ओल सरू लागते आणि नेमकी त्याच वेळी दीर्घ मुदतीच्या पऱ्हाटीची बोंडे भरत असतात.

याच वाणांबरोबर किडींचा प्रश्न बिकट झाला. देशी कपाशी रसशोषक किडींना बऱ्याच अंशी दाद देत नसे. नव्या वाणांना फवारणी आवश्यक ठरली. ऐंशीच्या दशकात संश्लेषित पायरेथ्रॉइड कीटकनाशके स्वस्तात मिळू लागली व अमेरिकन बोंडअळी काही वर्षांतच त्यांना सरावली. नव्वदीच्या अखेरीस फवारण्या वाढत गेल्या तरी अळी आटोक्यात येईना. बीटी बियाण्याचे जे स्वागत झाले, त्याची भूमिका या संकटाने तयार केलेली होती.

३

बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूची ओळख १९०१ साली जपानात इशिवाता यांना रेशमाच्या किड्यांच्या रोगाचा शोध घेताना झाली. १९१५ साली बर्लिनर यांनी जर्मनीतील थुरिंजिया प्रांतावरून त्याचे नाव ठेवले. हा जिवाणू एक स्फटिकरूप प्रथिन बनवितो. अळीच्या अल्कधर्मी आतड्यात ते विरघळते, तेथील पेशींना चिकटून छिद्रे पाडते व अळी मरते. मनुष्याच्या आम्लधर्मी जठरात ही क्रिया घडत नाही.

या प्रथिनाचे जनुक १९८१ साली वेगळे करण्यात आले. परंतु ते जसेच्या तसे वनस्पतीत घातले असता प्रथिन अत्यल्प निर्माण होई. जिवाणूची आणि वनस्पतीची जनुकलिपी एकच असली, तरी एकाच अर्थाच्या अनेक संकेतांपैकी कोणते वापरावयाचे याची प्रत्येकाची सवय निराळी असते. अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीच्या संशोधकांनी प्रथिनाचा क्रम जवळजवळ तोच ठेवून जनुकातील संकेत वनस्पतीच्या सवयीनुसार नव्याने लिहिले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार त्यामुळे प्रथिनाचे प्रमाण कित्येक पटींनी वाढले. म्हणजे कपाशीत आलेले जनुक निसर्गातून उचलून आणलेले नव्हते. ते पुन्हा रचलेले होते. म्हणूनच संश्लेषी जीवशास्त्राच्या इतिहासात यवतमाळच्या पऱ्हाटीला स्थान द्यावे लागते.

जालना येथील महिको या कंपनीने हे जनुक आपल्या संकरित वाणांत उतरविले. २६ मार्च २००२ रोजी केंद्रीय जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने मेक-१२, मेक-१६२ व मेक-१८४ या तीन वाणांना तीन वर्षांची सशर्त परवानगी दिली. ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत प्रारंभी सुमारे १,६०० रुपये होती. २००६ साली दोन जनुकांच्या बोलगार्ड-२ ला मान्यता मिळाली व किंमत नियंत्रणात आणण्यासाठी राज्यांनी पावले उचलली. महाराष्ट्राने २००९ साली कापूस बियाण्यांच्या विक्री-किंमतीचा स्वतंत्र कायदाच केला.

४

जनुकाने आपले काम केले, हे नाकारता येत नाही. अमेरिकन बोंडअळीचा उपद्रव ओसरला. देशाचे दर हेक्टरी रुईचे उत्पन्न २००१-०२ मधील सुमारे ३०० किलोवरून २००७-०८ पर्यंत ५५० किलोच्या आसपास गेले. या वाढीत नवी ओलिताची व्यवस्था, वाढीव खते व बीजप्रक्रियेची नवी औषधे यांचाही वाटा होता. महाराष्ट्राचे सरासरी उत्पन्न राष्ट्रीय सरासरीच्या खालीच राहिले. ज्या काळात बीटीचा प्रसार झाला, त्याच काळात, १ जुलै २००६ रोजी, पंतप्रधान मनमोहन सिंग यांना विदर्भाचा दौरा करून आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर करावी लागली. त्या सहांत यवतमाळ होते. आत्महत्यांचे कारण बीटी होय, असे यावरून सिद्ध होत नाही. कर्ज, भाव आणि पाऊस ही कारणे आधीपासून होती. बीटीने ती दूर केली नाहीत, एवढेच सिद्ध होते.

पुराव्याचा प्रश्न किती नाजूक असतो हे यवतमाळनजीकच्या भांबराजा गावाने दाखविले. बीटीमुळे संपन्न झालेले गाव म्हणून २००८ साली एका इंग्रजी दैनिकात त्याचे वर्णन आले आणि २०११ साली तोच मजकूर जाहिरातीच्या रूपाने पुन्हा छापला गेला. मार्च २०१२ मध्ये बासुदेव आचार्य यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय कृषिविषयक स्थायी समिती त्या गावी गेली, तेव्हा ग्रामस्थांनी वेगळीच हकीकत सांगितली. एकाच गावाविषयीचे दोन वृत्तांत परस्परविरोधी निघावेत, ही बाब ग्रामीण इतिहासाच्या अभ्यासकाने विसरता कामा नये.

५

जनुक कोणत्या पात्रात ठेवले गेले, हा खरा मुद्दा आहे. अन्य बहुतेक देशांत बीटी जनुक सरळ वाणांत आले. भारतात ते जवळजवळ पूर्णतः संकरित वाणांत आले, कारण संकरित बी दरवर्षी विकता येते. याचे जीवशास्त्रीय परिणाम झाले. दोन्ही पालकांपैकी एकातच जनुक असल्याने संकरित झाडाच्या बोंडातील सरक्यांत त्याची वाटणी होते. काही सरक्यांत दोन्ही प्रथिने, काहींत एक, तर काहींत एकही नाही. सरकीवर जगणाऱ्या गुलाबी बोंडअळीला विषाच्या कमीअधिक मात्रेशी जुळवून घेण्याची ही जणू शाळाच ठरली. त्यातच पीक हिवाळ्यानंतरही उभे ठेवण्याची प्रथा पडल्याने अळीला वर्षभर अन्न मिळू लागले. ही अळी नवी नव्हती. १८४० च्या दशकात भारतातूनच तिचे प्रथम शास्त्रीय वर्णन झाले होते. पहिल्या जनुकाला ती दाद देत नसल्याचे गुजरातेत आढळले व २०१० साली जाहीर झाले. २०१४-१५ पासून दुसरे जनुकही निष्प्रभ होऊ लागले. २०१७ च्या हंगामात विदर्भाच्या शेतोशेती डोमकळ्या दिसू लागल्या.

प्रतिकार लांबविण्यासाठी बीटी पिकाभोवती पाच ओळी किंवा क्षेत्राचा पाचवा हिस्सा साध्या कपाशीचा लावावा, असा नियम होता. पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साधे बी मिळे. दोन-चार एकरांच्या धन्याने आपल्या रानाचा पाचवा भाग अळीला का द्यावा, याचे उत्तर त्याला कोणी पटवून दिले नाही. ते बी बांधावरच राहिले.

याच वर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडो जणांना वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात व अन्यत्र उपचार घ्यावे लागले. पऱ्हाटी माणसाच्या उंचीची झाली होती. फवारा तोंडावर येत होता. अनेक औषधे एकत्र मिसळली जात होती. अंगावर संरक्षक साधने नव्हती. शासनाने विशेष चौकशी पथक नेमले व पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. फवारणी कमी करणे हेच ज्या बियाण्याचे प्रयोजन, त्याच बियाण्याच्या शेतात हे घडले. मृतांत मजुरांचा भरणा होता. बियाण्याची निवड त्यांनी केली नव्हती, औषधाचीही नाही.

६

कायद्याचा आणि समाजाचा झगडा यानंतर अधिक उघड झाला. तणनाशकाला दाद न देणाऱ्या कपाशीसाठीचा अर्ज २०१६ साली मागे घेण्यात आला. तरी तिचे विनापरवाना बी विदर्भात पसरले. लोकांनी त्यास ‘चोर बीटी’ असे नाव दिले. निंदणीला मजूर मिळत नाहीत, ही त्यामागची निकड होती. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातील अकोली जहाँगीर येथे शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरून सत्याग्रह केला. एकीकडे तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागणारा शेतकरी, दुसरीकडे त्याच्या परिणामांची धास्ती घेणारा शेतकरी, आणि दोघेही एकाच मुलखातले: हा विरोधाभास दिसतो तितका विचित्र नाही. बनी सोडून जरी घेणाऱ्या पणजोबाचाच हिशेब तो पुढे चालवीत आहे. फरक एवढाच की, हिशेबासाठी लागणारी माहिती आता त्याच्या घरात नाही.

पुढील पायरी समोर आहे. ३० मार्च २०२२ च्या आदेशाने परकीय जनुक नसलेल्या विशिष्ट जनुकसंपादित वनस्पतींना १९८९ च्या नियमांतील काही तरतुदींतून सूट मिळाली; मे २०२५ मध्ये भाताचे दोन संपादित वाण जाहीर झाले. कपाशीची पाळी येईल, तेव्हा प्रश्न केवळ जनुक सुरक्षित आहे काय, एवढाच असणार नाही. ते किती मुदतीच्या वाणात येणार, कोरडवाहू जमिनीवर त्याची पारख कोण करणार, त्याची सरकी पुन्हा पेरता येणार काय, आणि त्याच्या वापराचे नियम पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत कोण समजावणार, हे प्रश्न आधी विचारावे लागतील. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था व अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांच्या अल्प मुदतीच्या वाणांच्या आणि सघन लागवडीच्या प्रयोगांना या दृष्टीने महत्त्व आहे.

यवतमाळच्या दीडशे वर्षांच्या अनुभवाचा इत्यर्थ असा की, बियाण्यातील गुण प्रयोगशाळा ठरविते, परंतु त्याचे फळ जमीन, बाजार आणि मजुरी ही तिन्ही मिळून ठरवितात. जीवाची रचना करणाऱ्या शास्त्राने या तिघांची रचना गृहीत धरली, तर त्याची चूक प्रयोगशाळेत दिसत नाही. ती शेतात, आणि बहुधा सर्वांत शेवटच्या माणसाच्या देहावर, उमटते.