बार, ठासणी आणि सहा घरांचं चाक

‘माझी आवडती जुनी वस्तू’ या मालिकेत आतापर्यंत जातं झालं, पाटा-वरवंटा झाला, तांब्याचा हंडा झाला. आज माझी पाळी. मी चौकची. बचतगटांचं काम करते, आणि बी.ए.ला इतिहास होता म्हणून कुठे जुनं काही दिसलं की थांबते. मी निवडली आहे बंदूक. नीट सांगायचं तर रिव्हॉल्वर, तेही जुन्या पद्धतीचं, काळी दारू भरून उडवायचं. दारू म्हटल्यावर आपल्या गटातल्या बायांच्या कपाळाला आठ्या पडतात, पण ही दारू वेगळी. कोळसा, गंधक आणि सोरा यांची.

या बंदुका आज फारशा कुणाच्या हातात नाहीत, पण आपल्या तोंडात अजून आहेत. लग्नाचा बार उडवायचा, असं आपण म्हणतो. बार म्हणजे बंदुकीत एका वेळी भरायची दारू आणि गोळी. बार भरला, चाप ओढला आणि नुसता फुस्स आवाज झाला, तर तो फुसका बार. ग्रामसभेत आपण ठासून सांगतो. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालायची आणि लांब गजाने दाबत तळाशी न्यायची, तेही ठासणंच, आणि त्यावरूनच तिचं नाव ठासणीची बंदूक.

सगळ्यात जुनी तोड्याची बंदूक. तोडा म्हणजे सुताची जळती वात. चाप ओढला की ती वात खाली येऊन कानाजवळच्या दारूला लागायची. बंदुकीला कान असतो, नळीच्या बाजूचं बारीक भोक. त्या कानाशी जी दारू ठेवायची तिला रंजक म्हणत. आता आपल्याकडचा पाऊस आठवा. जूनपासून चार महिने चुलीतली लाकडं पेटत नाहीत, तिथे जळती वात घेऊन लढायचं कुणी? मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याला निघायच्या. त्यात नद्यांचा पूर, शेतीची कामं अशी कारणं होतीच, पण ओली दारू हेही एक होतं.

अशाच बंदुका घेऊन एक मोठी फौज आपल्या तालुक्यात उतरली होती. फेब्रुवारी १६६१. शायिस्ताखानाने कारतलबखानाला कोकणात पाठवलं. तो लोणावळ्याकडून कुरवंड्याच्या घाटाने खाली आला आणि खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत अडकला. पुढची वाट बंद, मागची वाट बंद, दोन्ही बाजूंना झाडी आणि झाडीत शिवाजीमहाराजांचे मावळे. फौजेला प्यायला पाणीसुद्धा मिळेना. तोफा, बंदुका, हत्ती, घोडे सगळं जवळ होतं आणि कशाचाच उपयोग नव्हता. गच्च रानात बार एकदा उडवला की दुसरा भरेपर्यंत बाण येऊन लागतो.

या फौजेत एक बाई होती. माहूरच्या देशमुख घराण्यातली सावित्रीबाई. मोगलांनी तिला रायबाघन हा किताब दिलेला. सिंहाच्या रानात तू फौज आणलीस, आता शरण जा, असा सल्ला खानाला तिनेच दिला. खानाने ऐकलं, सामान टाकलं, आणि माणसं जिवंत परत गेली. ती आपल्या राजाच्या विरुद्ध बाजूची, म्हणून भाषणांत तिचं नाव फारसं येत नाही. मला मात्र वाटतं, त्या दिवशी त्या खिंडीत सगळ्यात शहाणं कुणी बोललं असेल तर ती.

तोड्यानंतर गारगोटीची बंदूक आली. तिच्यात दगड पोलादावर घासून ठिणगी पाडायची. मग टोपीची. ही समजायला सोपी आहे. दिवाळीत मुलं टिकल्यांचं पिस्तूल उडवतात ना? तेच. तांब्याची इवलीशी टोपी, आतून टिकलीसारखा मसाला लावलेला. घोडा त्यावर आपटला की ठिणगी आत जाते आणि बार उडतो. रंजक नको, वात नको, पावसाची भीती पुष्कळ कमी. टोपी आली म्हणूनच खऱ्या अर्थाने रिव्हॉल्वर जमलं.

सॅम्युअल कोल्ट नावाचा अमेरिकेतला सोळा वर्षांचा पोरगा १८३० मध्ये जहाजावर खलाशी म्हणून कलकत्त्याच्या वाटेला लागला. त्या सफरीत त्याने लाकडाचा एक नमुना कोरला. जहाजाचं चाक कसं फिरतं आणि ठरावीक जागी कसं अडकतं, ते बघून कल्पना सुचली, असं तो पुढे सांगत असे. १८३६ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. फिरतं चाक, चाकात घरं, प्रत्येक घरात एक बार.

त्याचं १८५१ चं नेव्ही हे माझं आवडतं. जवळपास सव्वा किलो वजन, सहा घरं, आणि चाकावर जहाजांच्या लढाईचं चित्र कोरलेलं. त्याच काळात इंग्लंडात रॉबर्ट अ‍ॅडम्सने पाच घरांचं रिव्हॉल्वर काढलं. त्यात अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागत नसे, नुसता चाप ओढला की घोडा आपोआप उठून आपटायचा. घाईच्या वेळी अ‍ॅडम्सच बरं, हे मला कळतं. पण कोल्टचं सगळं उघडं दिसतं. चाक दिसतं, दांडा दिसतो, बार कसा दाबायचा ते न सांगता समजतं. शिलाई मशीनसारखं. माझ्या आईचं पायाचं मशीन मी असंच बघत बसायचे. शिवाय कोल्टने त्याचे भाग यंत्रावर एकसारखे करायला लावले आणि १८५३ मध्ये लंडनलाही कारखाना काढला.

ते भरायला मात्र फार खटाटोप. प्रत्येक घरात मोजून दारू घालायची, वर शिशाची गोळी, मग दांड्याने दाबायची, तोंडाशी चरबी लावायची, मागे टोपी बसवायची. असं सहा वेळा. चरबी यासाठी की एका घराची आग शेजारच्या घरात गेली, तर हातातच दोन-तीन बार एकदम उडायचे. उडवून झाल्यावर काम संपत नाही. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते, लगेच धुतलं नाही तर लोखंडाला गंज चढतो. कढत पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं, मग तेल. भांडी कुणी घासली असतील, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आपल्या भागातल्या गरिबाच्या हातात मात्र हे रिव्हॉल्वर नव्हतं. बोरघाटाचा रस्ता १८३० मध्ये झाला, आणि आपलं चौक त्याच रस्त्यावरचं. या वाटेने पुण्याला जाणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला असली रिव्हॉल्वरं असायची. १८७८ मध्ये शस्त्रांचा कायदा आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, आणि युरोपियनांना नियमांतून सूट.

पुढच्याच वर्षी पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके रामोशी, कोळी अशा लोकांना घेऊन उठले. दुष्काळात लोक मरत होते आणि सावकाराचं व्याज चालू होतं. त्यांचा साथीदार दौलतराव नाईक मे १८७९ मध्ये घाट उतरून आला आणि त्याने पळस्पे, चिखली इथे छापे घातले. पळस्पे म्हणजे आपण एस.टी.ने जाताना रोज ओलांडतो ते. परतताना सरकारी फौजेने त्यांना गाठलं, आणि दौलतराव गोळी लागून पडला. तलवारी, भाले, थोड्या बंदुका एका बाजूला. मागून काडतूस घालून झटपट उडणाऱ्या बंदुका दुसऱ्या बाजूला. तोवर माझं आवडतं कोल्टसुद्धा जुनं झालं होतं, मग ठासणीची काय कथा! फडके जुलैत पकडले गेले आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात वारले.

साठ वर्षांनी माथेरानचे भाई कोतवाल उभे राहिले. त्यांनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठारं काढली, शाळा काढल्या. गटाच्या बायांनी हे लक्षात ठेवावं, बंदुकीच्या आधी धान्य होतं. १९४२ मध्ये त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले, ते करवतींनी कापून. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी भाई आणि हिराजी पाटील गेले.

ठासणीची बंदूक मात्र गेली नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना आहे. रानडुक्कर एका रात्रीत भात लोळवतं, तेव्हा त्याचं मोल कळतं. पण परवाना बहुतेक घरी पुरुषाच्या नावावर. तो वारला की बंदूक माळ्यावर तशीच राहते. बाई घाबरते, कुणाला सांगत नाही, आणि पुढे कधी झडती झाली की प्रश्न तिलाच विचारले जातात. परवानेदार वारल्यावर वारसाने ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करायची असते. पोच घ्यायची, तारीख आणि शिक्का बघून. नंतर स्वतःच्या नावाने परवाना हवा असेल तर अर्ज करता येतो, बाई म्हणून आडकाठी नाही. जी दुरुस्त करूनही कधी उडणार नाही अशी जुनाट वस्तू कायद्याने वगळली आहे, पण ती उडते की नाही हे आपण घरात ठरवायचं नाही. आणि चाप ओढून बघायचा तर मुळीच नाही. काळी दारू जुनी झाली म्हणून मरत नाही. कोरडी राहिली असेल तर आजोबांनी भरलेला बारही नातवाच्या हातात उडतो.

इटलीत आजही कोल्टच्या जुन्या नमुन्याची नवी रिव्हॉल्वरं बनवतात, हौशी लोक घेतात. आपल्याला बघायचंच असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रं मांडली आहेत. गटाची सहल काढाल तर तिथे दारू ठेवायची शिंगं जरूर बघा. आणि ज्यांच्या माळ्यावर काही असेल, त्यांनी मला बैठकीनंतर बाजूला घेऊन सांगा. पोलीस ठाण्यात मी सोबत येईन.