रोमचे प्रजासत्ताक आणि तगरची मलमल

बीड जिल्ह्यातील धर्मापुरी हे गाव शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात सहसा आढळत नाही. परंतु कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील केदारेश्वराचे मंदिर पाहण्यासाठी जाणकार मंडळी वाट वाकडी करून तेथे जातात. मंदिर पाहून झाले की गावचा किल्लाही पाहावा. त्याच्या तटात जुन्या देवळांचे कोरीव चिरे बसविलेले दिसतात. देवळे पडली, दगड उरले, आणि ज्याला तट हवा होता त्याने ते उचलून भिंतीत घातले. चिऱ्यांवरची नक्षी तशीच आहे. बदलले ते तिचे काम. पूर्वी ती देवाच्या दारी उभी होती, पुढे ती पहाऱ्यास लागली.

रोमच्या प्रजासत्ताकाचे साम्राज्य कसे झाले हे समजावून सांगताना या तटाहून सोयीची उपमा मला तरी सापडलेली नाही. तेथेही जुने देऊळ कोणी जाहीरपणे पाडले नाही. चिरे तेच ठेवले, भिंत मात्र नवी उभी राहिली.

कोणी म्हणेल, दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी हे रोमपुराण कशाला? तर कारण असे की, त्या दूरच्या घालमेलीची झळ, किंवा खरे सांगावयाचे तर ऊब, आपल्या मराठवाड्याच्या बैलगाड्यांपर्यंत येऊन पोहोचली होती. ती कशी, हेच येथे पाहावयाचे आहे.

परंपरेप्रमाणे इ. स. पू. ५०९ मध्ये रोमनांनी आपला शेवटचा राजा हाकून लावला आणि ‘राजा’ हा शब्दच शिवीसारखा करून टाकला. राजाच्या जागी दरवर्षी दोन कॉन्सल निवडावयाचे. एकाने केलेले दुसऱ्याने अडवावयाचे. वडीलधाऱ्यांची सेनेट सल्ला देणार, आणि सामान्य जनांचा कैवार घेण्यासाठी ट्रायबून नावाचे अधिकारी असणार. ट्रायबूनच्या अंगाला हात लावणे हे महापाप, आणि तो ‘नको’ म्हणाला की भले भले काम थांबावयाचे. एका लहानशा नगराला ही घडी उत्तम शोभली. पण नगर वाढत गेले. इ. स. पू. १४६ मध्ये कार्थेज धुळीस मिळाले, त्याच वर्षी ग्रीसमधले कॉरिंथ लुटले गेले, आणि भूमध्य समुद्र हे जणू रोमच्या परसातले तळे झाले. लुटीचे धन मूठभर घराण्यांत गेले. वर्षानुवर्षे लढाईवर राहिलेल्या शेतकऱ्याचे शेत मोठ्या जमीनदाराने गिळले आणि त्यावर गुलाम राबू लागले. हे दुखणे ओळखून जमिनीच्या फेरवाटपाची भाषा करणारा टायबेरियस ग्रॅकस इ. स. पू. १३३ मध्ये भर सभेत मारला गेला. बारा वर्षांनी त्याच्या भावाचीही तीच गत झाली. वाद लाठीने मिटवावयाची चटक एकदा लागली की लाठीची तलवार व्हावयास वेळ लागत नाही.

ती तलवार मेरियसने पुरविली. भूमिहीनांना त्याने सैन्यात घेतले. शिपायाला वाढपण सेनापतीचेच आणि म्हातारपणी जमीनही सेनापतीच देणार, मग तो सेनेटला कशाला ओळखतो? इ. स. पू. ८८ मध्ये सुल्लाने आपले सैन्य खुद्द रोमवर नेले. पुढचा पन्नास-साठ वर्षांचा इतिहास हा त्या एका दिवसाचा विस्तार आहे. पाँपी, क्रॅसस, सीझर यांची गट्टी, मग फाटाफूट, इ. स. पू. ४९ मध्ये सीझरने ओलांडलेली रुबिकॉन नदी, आणि इ. स. पू. ४४ च्या १५ मार्चला सेनेटच्या बैठकीत त्याच्यावर पडलेले खंजीर, हे सर्व नाटककारांनी इतके रंगविले आहे की येथे पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. एवढेच ध्यानी घ्यावे की मारणाऱ्यांना वाटले, माणूस मेला की रोग गेला. रोग माणसात नव्हताच.

सीझरने मृत्युपत्रात दत्तक घेतलेला त्याच्या भाचीचा मुलगा ऑक्टेव्हियन त्या वेळी अठरा वर्षांचा होता. प्रकृतीने किडकिडीत, रणांगणावर बेताचाच. जुन्या मुत्सद्द्यांनी त्याला पोर समजून वापरून घ्यावयाचे ठरविले. त्यांतला सर्वांत मोठा वक्ता सिसेरो पुढच्याच वर्षी, या पोराच्या संमतीने, यादीत नाव घालून मारला गेला. इ. स. पू. ३१ मध्ये ॲक्टियमच्या आरमारी लढाईत अँटनी आणि क्लिओपात्रा हरली, दुसऱ्या वर्षी ईजिप्त रोमच्या हाती आले, आणि आता ऑक्टेव्हियनसमोर कोणी उरले नाही.

खरी गंमत येथून पुढे आहे. इ. स. पू. २७ च्या जानेवारीत हा विजयी पुरुष सेनेटपुढे उभा राहिला आणि म्हणाला की, सर्व अधिकार मी परत करीत आहे. सेनेटने गयावया केली, तेव्हा मोठ्या कष्टाने त्याने काही प्रांत दहा वर्षांकरिता सांभाळण्याचे कबूल केले. ते प्रांत कोणते? स्पेन, गॉल, सीरिया. म्हणजे जेथे फौजा होत्या ते बहुतेक सर्व! सेनेटने त्याला ‘ऑगस्टस’ ही पदवी दिली. कॉन्सल पूर्वीप्रमाणेच निवडले जात राहिले, सेनेट भरत राहिली, कायदे तिच्या नावाने होत राहिले. ट्रायबूनचे पद उच्चकुलीनाला घेता येत नाही, असा जुना नियम होता. ऑगस्टसने नियम मोडला नाही. इ. स. पू. २३ मध्ये त्याने पद न घेता त्या पदाचे अधिकार तेवढे घेतले. गरिबांच्या रक्षणासाठी घडविलेला तो चिरा नव्या तटात असा चपखल बसला.

मराठी वाचकाला हे समजण्यास अडचण पडू नये. साताऱ्यास छत्रपती होते आणि कारभार पुण्यास होता. पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहूनच यावयाची. १७७४ मध्ये अवघ्या चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांसाठी ती आली आणि १७९६ मध्ये दुसऱ्या बाजीरावांनाही ती लागलीच. नाव एकाचे, सत्ता दुसऱ्याची, हा प्रकार आपण जवळून पाहिला आहे. फरक इतकाच की पेशव्यांना आपण प्रधान आहोत असे म्हणावयास संकोच नव्हता. ऑगस्टसला आपण राजा नाही असे जन्मभर म्हणावे लागले. आपल्या कारकिर्दीचा जो वृत्तान्त त्याने लिहून ठेवला, त्यात आपला मान इतरांहून अधिक पण अधिकार सहकाऱ्यांइतकाच, असा त्याचा दावा आहे. त्याची प्रत आजच्या तुर्कस्तानातील अंकारा येथे एका देवळाच्या भिंतीवर कोरलेली आहे. तिच्यातच आणखी एक ओळ आपल्या कामाची आहे. हिंदुस्थानच्या राजांचे वकील आपल्याकडे वारंवार आले, पूर्वी कोणा रोमन सेनापतीकडे असे कधी आले नव्हते, असे तो अभिमानाने नमूद करतो.

ही नुसती बढाई नव्हती. असे एक वकीलमंडळ अँटिऑक येथे प्रत्यक्ष भेटल्याचे एका ग्रीक लेखकाने लिहिले होते आणि स्ट्रॅबोने ते उतरून घेतले. सहाशे राजांचा अधिपती म्हणविणाऱ्या राजाचे कातड्यावर ग्रीकमध्ये लिहिलेले पत्र, मोठाले साप, एक प्रचंड कासव आणि हात नसलेला एक माणूस, असा तो अजब नजराणा होता. मंडळाबरोबर बारिगाझाचा म्हणजे भडोचचा एक श्रमण होता. आयुष्यात सर्व भले झाले, आता वाईट होण्यापूर्वीच जावे, म्हणून त्याने अथेन्स येथे हसत चितेत उडी घेतली. अथेनकरांनी त्याची समाधी बांधली. या भडोचचे नाव लक्षात ठेवावे, ते पुन्हा येणार आहे.

ईजिप्त हातात आल्यावर तांबड्या समुद्राची बंदरे रोमला खुली झाली. ऑगस्टसने ईजिप्त इतके जपले की सेनेटच्या सभासदाला त्याच्या परवानगीविना तेथे पाऊल ठेवावयाची सोय नव्हती. पूर्वीच्या टॉलेमी राजांच्या अमदानीत फार थोडी जहाजे हिंदुस्थानकडे जाण्याचे धाडस करीत. स्ट्रॅबो स्वतः ईजिप्तमध्ये गेला तेव्हा एकट्या मायोस होर्मोस बंदरातून १२० जहाजे जात असल्याचे त्याला कळले. शंभर वर्षांची यादवी संपली होती, समुद्र निर्धास्त होता आणि रोमच्या श्रीमंतांना आता राजकारण उरले नव्हते. निवडणुका लढविण्यात जो पैसा जावयाचा, तो वस्त्रे, रत्ने आणि मिरी यांत जाऊ लागला. स्वातंत्र्य गेलेल्या माणसाला चैनीची मुभा मिळाली की तो बराच काळ तक्रार करीत नाही. आणि ही चैन पुरविण्याच्या कामी आमचा मराठवाडा होता.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ ही समुद्रप्रवासाची वही लिहिली. तो सांगतो की बारिगाझापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर हे फार मोठे नगर आहे. पैठणहून गोमेदासारखे खडे येतात. तगरहून साधे कापड पुष्कळ आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल येते. हा सारा माल रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर बंदराला जातो. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. होय, गोरोबाकाकांचे तेर! पैठण आणि तेर यांच्यामध्ये नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती बीड जिल्ह्याच्या मधोमध जाते. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. भरल्या बैलगाडीला दिवसाकाठी पंधरा किलोमीटर धरले तर दहा दिवस हा त्या व्यापाऱ्याचा हिशेब चोख बसतो. दिशा मात्र त्याने जरा चुकविली, तेर पैठणच्या आग्नेयेस आहे. पण समुद्रावरच्या माणसाला बालाघाटाच्या डोंगरातल्या दिशा कोण सांगणार? दिवाळी आटोपली की आजही बीडच्या बैलगाड्या ऊसतोडीसाठी मुलूख सोडतात. गाडी जुंपून दूरच्या बाजाराच्या जिवावर जगणे या भागाला नवे नाही.

बदल्यात काय यावयाचे? त्याच वहीत यादी आहे. इटलीची दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच. आणि सोन्याचांदीची रोमन नाणी, जी इथल्या चलनाशी बदलली असता नफा होई. राजासाठी चांदीची भांडी, गाणारी मुले आणि अंतःपुरासाठी सुंदर मुली. हा शेवटचा माल गुलामांचा होता हे विसरून चालत नाही.

विणकरांना यातून काय मिळाले? तेरच्या कोष्ट्याने मागे एक अक्षर ठेवलेले नाही. पण नाशिकच्या पांडवलेण्यांतील लेख बोलका आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने आणि दुसऱ्या श्रेणीकडे १००० कार्षापण शेकडा पाऊण व्याजाने कायम ठेव म्हणून ठेवले. व्याजातून लेण्यातील भिक्षूंना वस्त्रे मिळावयाची. राजाच्या जावयाने बेधडक पैसा ठेवावा इतकी विणकरांची पत होती. आज कोणता विणकर पेढी चालवितो?

जेथे नफा तेथे भांडण आलेच. सातवाहनांच्या कल्याण बंदराकडे जाणारी ग्रीक जहाजे पहारा घालून भडोचला वळविली जात, असे पेरिप्लसकार लिहितो. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी दोन तृतीयांशांवर त्याने आपला छाप उमटविला आहे. नाणी वितळवून नवी पाडण्याची तसदी घेतली नाही. जुन्यावरच नवा ठसा मारला. ऑगस्टसला हे पाहून ओळख पटली असती.

तिकडे रोममध्ये कुरकुर सुरू झाली होती. इ. स. २२ मध्ये टायबेरियस बादशहाने सेनेटला लिहिलेल्या पत्रात, बायकांच्या रत्नांपायी आपला पैसा परक्यांकडे आणि शत्रूंकडे जातो, अशी हळहळ व्यक्त केली; पण कायदा करून उपयोग नाही हेही त्याने ओळखले. प्लिनीने तर आकडाच दिला. हिंदुस्थान दरसाल पाच कोटी सेस्टर्सेस ओढून नेतो, असे तो म्हणतो. प्लिनी हा इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या स्फोटात मेला. त्याच स्फोटाच्या राखेखाली पाँपेई नगर गाडले गेले, आणि १९३८ मध्ये तेथल्या एका घरात हस्तिदंताची एक वीतभर बाहुली निघाली. अंगावर दागिने, दोन बाजूंस दोन दासी, घडण अस्सल हिंदी. तिच्या वळणाची हस्तिदंती बाई तेर येथेही मिळाली आहे आणि दुसरी जालना जिल्ह्यातील भोकरदनला. उलट बाजूने आलेला पाहुणाही आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर समुद्रदेव पोसायडनची काशाची छोटी मूर्ती सापडली. ती तेथल्या टाऊन हॉलच्या संग्रहालयात पाहावयास मिळते.

तेरला गेलात तर गोरोबांच्या समाधीचे दर्शन घेऊन लामतुरे यांच्या संग्रहाचे वस्तुसंग्रहालय अवश्य पाहा. मातीच्या पुतळ्या, शंखाच्या बांगड्या, मणी, हस्तिदंताचे तुकडे, असे बरेच काही कपाटांत मांडलेले आहे. ज्या मलमलीसाठी रोमच्या सभेत उसासे निघाले, तिचा एक धागाही त्यात नाही. कापूस दोन हजार वर्षे टिकत नाही.