पिशवीच का काढायची?

"नुसते खडे काढा ना, पिशवी कशाला?" थिएटर सिस्टर म्हणून नोकरी करताना हा प्रश्न मी नातेवाइकांकडून सतत ऐकला. मला तो कधी अडाणीपणाचा वाटला नाही. एकेकाळी सर्जनही नुसते खडेच काढत. १८६७ साली इंडियानापोलिसला जॉन बॉब्ज यांनी गाठ समजून एका बाईचं पोट उघडलं, तर आत खड्यांनी भरलेलं पित्ताशय! खडे काढून त्यांनी ते शिवून टाकलं. बाई वाचली. पण पिशवी जागेवर राहिली की खडे पुन्हा व्हायची भीतीही राहतेच.

बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांचं म्हणणं असं, की पिशवीत खडे आहेत म्हणून नव्हे, तर तीच ते तयार करते म्हणून ती काढा. हत्ती-घोड्यांना पित्ताशय नसतंच, त्यांचं काय अडतं? प्रेतांवर सराव करून १५ जुलै १८८२ ला त्यांनी ४३ वर्षांच्या एका माणसाचं पित्ताशय काढलं. सोळा वर्षं कळा सोसून तो मॉर्फिनच्या आहारी गेला होता. दुसऱ्या दिवशी त्याला ताप नव्हता आणि तो चक्क सिगार ओढत होता.

पित्त बनतं यकृतात. पिशवी ते साठवते, दाट करते. त्यात कोलेस्टेरॉल वाढलं किंवा पिशवी नीट रिकामी झाली नाही, की खडे धरतात. काढलेली पिशवी ट्रेमध्ये चिरली की काळपट हिरवं पित्त ओघळायचं आणि मागोमाग खडे, एकमेकांवर दाबून पैलू पडलेले. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली उठून पाठीत, खांद्यात जाणारी कळ ही त्यांची, पण कितीतरी बायका आमच्याकडे यायच्या त्या वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या खाऊनच. ताप किंवा कावीळ दिसली तर मात्र एक दिवसही थांबू नये. उलट, सोनोग्राफीत सहज सापडलेल्या, न दुखणाऱ्या खड्यांना बहुधा हात लावत नाहीत.

बरगडीखालचा तो लांब छेद आणि खोल श्वास घेतानाचे पेशंटचे हाल मी जवळून पाहिलेत. म्हणून १९८५ साली जर्मनीत एरिक म्यूहे यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढलं, तेव्हा त्यांच्याच व्यवसायबंधूंनी त्यांना झिडकारलं, याचा मला आजही राग येतो. आपल्याकडे १९९० मध्ये डॉ. तेहेमटन उडवाडियांनी ते ऑपरेशन केलं मुंबईच्या जे. जे. मध्ये, सरकारी रुग्णालयात, जिथे हातावर पोट असलेली माणसं येतात. लवकर कामावर परतायची गरज त्यांच्याइतकी कुणाला असणार?