अज्ञान अपत्याचे उत्पन्न (प्राप्तिकर)

अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर जमा होणारे व्याज, भाडे, लाभांश, भांडवली नफा अशा स्वरूपाचे उत्पन्न. भारतीय प्राप्तिकर कायदा हे उत्पन्न मुलाचे मानतो, पण त्यावरचा कर बहुतेक वेळा मुलाकडून मागत नाही. ते आईच्या किंवा वडिलांच्या उत्पन्नात मिळवून त्यांच्या दराने कर आकारला जातो. सीए मंडळी याला ‘क्लबिंग’ म्हणतात. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ही तरतूद कलम ६४ (१अ) मध्ये होती. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या प्राप्तिकर अधिनियम, २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व तेच राहिले.

शहरातल्या नोकरदाराला हा विषय बहुधा मुलाच्या नावावरच्या एखाद्या छोट्या ठेवीपुरता माहीत असतो. पनवेल तालुक्यातल्या विचुंब्यासारख्या गावात त्याचे वजन निराळे आहे. नवीन पनवेलला खेटून असलेले हे गाव जानेवारी २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या ‘नैना’ म्हणजे नवी मुंबई विमानतळ प्रभाव क्षेत्रात येते. या पट्ट्यात नगररचना योजनेखाली जमीनमालकाला ४० टक्के विकसित भूखंड परत मिळतो, बिल्डर दारात उभे असतात आणि सातबारा उतारा हाच घरातला सर्वांत मौल्यवान कागद असतो. वडील अकाली गेले की त्या उताऱ्यावर आईबरोबर मुलांची नावे चढतात. मूल लहान असेल तर नावापुढे ‘अ.पा.क.’ अशी अक्षरे येतात, अज्ञान पालनकर्ता, आणि त्यापुढे आईचे नाव. इयत्ता तिसरीतला मुलगा अशा रीतीने खातेदार होतो, आणि जमिनीचा व्यवहार झाला की ठेवीदारही.

त्या पैशाचे पुढे काय होते, ते एका कल्पित घराच्या हिशेबातून पाहता येईल. आई शाळेत शिक्षिका, वजावटी जाऊन तिचे करपात्र उत्पन्न वर्षाला १०,५०,००० रुपये. दोन मुलांच्या वाट्याला आलेले प्रत्येकी २० लाख रुपये बँकेत ७ टक्क्यांनी ठेवलेले. व्याज प्रत्येकी १,४०,००० रुपये. आर्थिक वर्ष २०२५-२६ मधील नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत सवलत मिळून कर शून्य होतो. तिघांची विवरणपत्रे वेगळी भरता आली असती, तर कुणालाच एक रुपया द्यावा लागला नसता. प्रत्यक्षात मुलांचे २,८०,००० रुपये आईच्या उत्पन्नात मिळतात, बेरीज १३,३०,००० होते, बारा लाखांची रेषा ओलांडली जाते आणि सवलत हातची जाते. कर ७९,५०० आणि त्यावर ४ टक्के उपकर, एकूण ८२,६८० रुपये. शिक्षिकेचा पगार एक पैशानेही वाढलेला नाही.

यात आणखी एक पेच आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ नुसार मुलाच्या स्वतंत्र मालकीची स्थावर मिळकत विकायला नैसर्गिक पालकालाही न्यायालयाची आगाऊ परवानगी लागते. ती देताना मुलाच्या हिश्श्याची रक्कम तो सज्ञान होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवावी, अशी अट न्यायालये नेहमी घालतात. मुलाच्या हिताच्या दृष्टीने हे योग्यच. पण अशा ठेवीचे व्याज ठेवीतच साचते, आईच्या हातात काही येत नाही आणि कर मात्र सर्वसाधारण नियमाने तिने आपल्या पगारातून भरायचा असतो.

ही तरतूद विधवा शिक्षिकेसाठी केलेली नव्हती. तिचा रोख होता तो व्यापारी घराण्यांच्या युक्तीवर: नफा पत्नी आणि मुलांमध्ये वाटून द्यायचा, प्रत्येकाची करमुक्त मर्यादा वापरायची, आणि मोठ्या उत्पन्नाचे लहान लहान तुकडे करून चढ्या दरातून निसटायचे. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यात १९३७ साली कलम १६ (३) घातले गेले ते यासाठीच. त्याला आव्हान देणारा गाजलेला खटला महाराष्ट्रातूनच गेला. ‘बालाजी विरुद्ध प्राप्तिकर अधिकारी, अकोला’ या नावाने तो ओळखला जातो. पत्नी आणि अज्ञान मुले यांचा भागीदारीतला वाटा आपल्या उत्पन्नात का धरावा, असा प्रश्न होता. एकाच्या उत्पन्नाचा कर दुसऱ्यावर लादता येतो का, आणि हे समानतेच्या हक्काला धरून आहे का, हे मुद्दे सर्वोच्च न्यायालयापुढे आले. १९६१ मध्ये न्यायालयाने तरतूद वैध ठरवली. करचुकवेगिरीला पायबंद घालणे हा कायदेमंडळाचा अधिकारच आहे, असा निर्णयाचा आशय.

तरीही १९९२ पर्यंत एक वाट मोकळी होती. आईवडिलांनी दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न आणि भागीदारीतला लाभ पालकांकडे धरला जाई, पण आजोबांनी नातवाच्या नावावर ठेवलेल्या पैशांचे व्याज नातवाचेच राही. १९९२ च्या वित्त अधिनियमाने, मनमोहन सिंग अर्थमंत्री असताना, ही वाट बंद केली. पैसा कुणी दिला हा प्रश्नच त्यामुळे उरला नाही. मूल अज्ञान आहे एवढे पुरे. त्याची भरपाई म्हणून कलम १० (३२) खाली दर मुलामागे वर्षाला १,५०० रुपयांची सूट ठेवली गेली. त्या वेळी सामान्य करदात्याची करमुक्त मर्यादा २८,००० रुपये होती. आज नव्या प्रणालीत ती ४ लाखांवर गेली आहे, आणि १९६१ च्या कायद्यातली मुलाची सूट शेवटपर्यंत १,५०० वरच थांबली. शिवाय ती फक्त जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना होती. तीन दशकांत एका आकड्याकडे इतके दुर्लक्ष झाल्याचे दुसरे उदाहरण या कायद्यात शोधावे लागेल.

उत्पन्न आईकडे धरायचे की वडिलांकडे? ज्याचे स्वतःचे उत्पन्न जास्त, त्याच्याकडे. एकदा एका पालकाकडे धरले की पुढच्या वर्षी पगाराचे पारडे फिरले म्हणून ते आपोआप दुसरीकडे जात नाही; करअधिकाऱ्याने दुसऱ्या पालकाला म्हणणे मांडायची संधी देऊन तसे ठरवावे लागते. घटस्फोट झालेला असेल तर मूल ज्याच्याकडे सांभाळले जाते, त्याच्या उत्पन्नात. दत्तक आणि सावत्र मुलेही ‘अपत्य’ या व्याख्येत येतात. आईवडील दोघेही नसतील तर क्लबिंगचा प्रश्नच येत नाही. काका किंवा आजी पालनकर्ते असले तरी मुलाचे उत्पन्न त्यांच्या उत्पन्नात मिळत नाही. ते मुलाच्या वतीने, प्रतिनिधी म्हणून, त्याचे स्वतंत्र विवरणपत्र भरतात.

कायद्याने दोन दारे उघडी ठेवली आहेत. १९६१ च्या कायद्याच्या कलम ८०यू मध्ये सांगितलेले अपंगत्व असलेल्या मुलाचे कोणतेही उत्पन्न पालकांकडे धरले जात नाही. आणि कोणत्याही मुलाने अंगमेहनतीने, किंवा स्वतःच्या कौशल्य, कला वा विशेष ज्ञानाच्या बळावर मिळवलेले उत्पन्न त्याचेच राहते. गाण्याच्या स्पर्धेतले मानधन, बुद्धिबळातले बक्षीस, मालिकेतल्या भूमिकेचे पैसे या दुसऱ्या दारातून जातात. मराठी माणसाला यात नवे काही नाही. दादासाहेब फाळक्यांच्या मुलीने, मंदाकिनीने, १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण साकारला तेव्हापासून मुले कॅमेऱ्यासमोर उभी आहेत. पनवेलहून मुंबईच्या स्टुडिओपर्यंत मुलाला घेऊन जाणाऱ्या पालकाने मात्र पुढचा बारकावा लक्षात ठेवायला हवा. बालकामगार कायद्याच्या २०१७ मधील सुधारित नियमांनुसार बालकलाकाराच्या कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो. मानधन मुलाचे, त्यावरचा कर मुलाच्या नावाने. पण त्या ठेवीवरचे व्याज कौशल्यातून आलेले नसते, ते पैशातून आलेले असते. म्हणून ते पुन्हा पालकाच्या उत्पन्नात. एकाच कमाईची अशी दोन घरांत विभागणी होते, आणि सीए चांगला नसेल तर विवरणपत्रात नेमकी इथेच गफलत होते.

मुंजीतला आहेर हे आणखी एक ठिकाण. आजी, मामा, आत्या अशा कायद्यातल्या ‘नातेवाईक’ व्याख्येत बसणाऱ्यांनी मुलाला कितीही दिले तरी भेट करमुक्त. वडिलांचे मित्र, शेजारी, व्यवसायातले लोक यांनी वर्षभरात दिलेल्या रोख भेटींची बेरीज ५०,००० च्या वर गेली तर संपूर्ण रक्कम करपात्र ठरते आणि पालकाच्या उत्पन्नात मिळते. लग्नातल्या आहेराला कायद्याने माफी आहे. मुंज, बारसे आणि वाढदिवस यांना नाही. अर्थात मांडवात बसून पाकिटांची नोंद करणारी मावशी हे गृहीत धरत नाही.

जमिनीकडे परत यायचे तर मूळ रकमेवर कर लागतो का, हा प्रश्न व्याजाच्या आधीचा. खेड्यातली शेतजमीन ही करकायद्याच्या दृष्टीने भांडवली मालमत्ताच नसते, तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. पण एक लाखाहून जास्त आणि दहा लाखांपर्यंत लोकसंख्येच्या नगरपालिका वा महापालिकेच्या हद्दीपासून सहा किलोमीटरच्या आतली जमीन, हवाई अंतराने मोजून, या व्याख्येतून बाहेर पडते. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली. तिच्या क्षेत्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे पाच लाख. विचुंबे ग्रामपंचायतीचे गाव असले तरी त्या सहा किलोमीटरांत सहज येते. त्यामुळे भातशेती करत असलेल्या कुटुंबाने खाजगी बिल्डरला जमीन विकली तर नफा करपात्र, आणि अज्ञान मुलाच्या हिश्श्याचा नफाही पालकाकडे. सरकारने जमीन घेतली तर चित्र बदलते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ९६ मुळे त्याखालच्या निवाड्याने मिळालेल्या मोबदल्यावर प्राप्तिकर नाही. मोबदला करमुक्त म्हणून त्याचे व्याजही करमुक्त, असा समज पुष्कळांचा असतो. तो चुकीचा आहे. पैसा बँकेत गेला की पुढचे व्याज साधे व्याज, आणि वर सांगितलेले सगळे नियम त्याला लागू.

याउलट वडिलोपार्जित मिळकत एकत्र हिंदू कुटुंबाची असेल, तर उत्पन्न कुटुंबाचे, मुलाचे नव्हे. तिथे क्लबिंगचा मुद्दा उरत नाही. सातबाऱ्यावर नाव कसे आले, वारसाने की वाटणीने, हे पाहिल्याशिवाय कुणी छातीठोक सल्ला देऊ नये.

व्याजच करमुक्त असेल तर ते कुणाच्याही उत्पन्नात मिळवले तरी फरक पडत नाही. पालक मुलांसाठी सुकन्या समृद्धी आणि पीपीएफकडे वळतात ते यामुळे. २२ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या सुकन्या योजनेत दहा वर्षांखालील मुलीचे खाते उघडता येते, वर्षाला २५० ते दीड लाख रुपये भरता येतात. मुलाच्या पीपीएफ खात्यात मात्र पालकाची स्वतःची आणि मुलाची मिळून दीड लाखांचीच मर्यादा आहे. वीस लाखांचा मोबदला त्यात एकदम मावत नाही.

विवरणपत्र भरताना अडचण येते ती बहुधा टीडीएसची. मुलाचे पॅन बँकेला दिलेले असेल तर कापलेला कर मुलाच्या नावावर दिसतो आणि उत्पन्न दाखवायचे असते आईच्या विवरणपत्रात. यासाठी नियमांत तरतूद आहे: बँकेला घोषणापत्र देऊन कराची नोंद पालकाच्या पॅनवर मागता येते. आयटीआर-२ मध्ये मुलाचे उत्पन्न ‘शेड्यूल एसपीआय’ या तक्त्यात मुलाचे नाव आणि नाते लिहून दाखवले जाते. प्राप्तिकर विभागाचे वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, पॅननुसार तयार होते. मुलाच्या पॅनवरचे व्याज आईच्या एआयएसमध्ये दिसत नाही, म्हणून ते विसरले जाते. विभागाला मात्र ते दिसते. मुलाच्या पॅनसाठी पालकाला पोर्टलवर प्रतिनिधी म्हणून नोंदणी करता येते. ती वेळीच केलेली बरी, कारण नोटीस येते तीही मुलाच्या नावाने.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हाच विचार दुसऱ्या वेशात भेटतो. अमेरिकेत १९८६ च्या करसुधारणेपासून ‘किडी टॅक्स’ आहे. तिथे मुलाचे सगळे उत्पन्न पालकाकडे जात नाही; २०२५ साठी मुलाचे बिनकष्टाचे उत्पन्न २,७०० डॉलरच्या वर गेले तर वरच्या भागाला पालकाचा दर लागतो. आजोबांनी पनवेलच्या बँकेत नातवाच्या नावे ठेवलेली ठेव न्यू जर्सीतल्या विवरणपत्रातही येते, हे तिथल्या पालकांना बरेचदा उशिरा कळते. दोन्ही पद्धतींत डावी-उजवी करायची तर अमेरिकेची पद्धत अधिक समजूतदार वाटते. तिने निदान उंबरठा ठेवला आणि तो महागाईबरोबर हलता ठेवला.

मूल अठराव्या वर्षात पाऊल टाकते तेव्हा नव्हे, अठरा पूर्ण करते त्या दिवशी क्लबिंग थांबते. वाढदिवस नोव्हेंबरमध्ये असेल तर त्या वर्षीचे एप्रिलपासून तोपर्यंतचे व्याज पालकाचे आणि नंतरचे मुलाचे, असे दोन भाग करावे लागतात. बँकेत नव्याने केवायसी होते, पालनकर्त्याचे नाव निघते, पॅनचा क्रमांक तोच राहतो पण फोटो आणि सही असलेले नवे कार्ड घ्यावे लागते. सातबाऱ्यावरचा ‘अ.पा.क.’ शेरा काढण्यासाठी तलाठ्याकडे वयाचा पुरावा जोडून अर्ज करायचा असतो.